दवाखान्यातली उपकारस्तुती : गंभीर आजारात विश्वास कसा सांभाळावा

सोलापुरात मोठ्या दुखण्यासाठी येणारा माणूस शहरातलाच असतो असे नाही. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, तिकडे तुळजापूर आणि सीमेपलीकडून इंडी-विजयपूरपर्यंतची माणसे सिव्हिलमध्ये, अश्विनीत, शहरातल्या इतर दवाखान्यांत येऊन पडतात. त्यांत आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतली, म्हणजे चर्चमधली, माणसेही असतात. उशीखाली शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधले येशूचे चरित्र, असते, पण ते उघडायची ताकद नसते. भेटायला आलेले लोक म्हणतात, "प्रभूचे उपकार मानत राहा." तो माणूस मान हलवतो. त्याच्या आत काय चालले आहे ते फारसे कोणी विचारत नाही.

हा लेख त्या माणसासाठी आहे, त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलेल्या नातेवाइकासाठी आहे आणि त्याला भेटायला जाणाऱ्या मंडळीसाठीही आहे. मी बरीच वर्षे आमच्या मंडळीच्या आजारी-भेटीच्या गटात काम करते. आईच्या शेवटच्या आजारात तिच्याजवळही बसले आहे. त्या अनुभवातून मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे : उपकारस्तुती, म्हणजे देवाचे उपकार मानणे, हा आजाऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा आणखी एक भार नाही. ज्या दिवशी त्याला ती जमत नाही, त्या दिवशी ती त्याच्या वतीने इतरांनी करायची.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेसकट उचलून आणतात. दाराशी गर्दी असते, म्हणून छप्पर उसकटून त्याला येशूपुढे खाली सोडतात. तो माणूस स्वतः काही बोलल्याची नोंद तिथे नाही. येशू 'त्यांचा' विश्वास पाहतो, म्हणजे बाज उचलून आणणाऱ्यांचाही. दवाखान्यात विश्वास कसा चालतो हे मला या गोष्टीइतके दुसऱ्या कशातून समजलेले नाही. पुढची सगळी पावले यातूनच निघतात.

पहिले पाऊल : उपकारांआधी विलाप

रिपोर्ट हातात आला की पहिले काही दिवस उपकारांचा विषयच काढू नका. माणसाला आधी रडू द्या, चिडू द्या. पवित्र शास्त्र त्याला ती मुभा देते. तेरावे स्तोत्र "किती वेळ?" या प्रश्नाने सुरू होते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते, त्यात शेवटी दिलासा येत नाही. तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे, म्हणजे देवापुढे तसेही बोलता येते. खुद्द प्रभूने गेथशेमाने बागेत हा प्याला टळावा म्हणून विनवणी केली. मेलेल्या लाजराच्या थडग्यापाशी तो रडला, आणि ते सुद्धा थोड्याच वेळात लाजराला जिवंत उठवणार असताना.

प्रत्यक्षात काय करायचे? संध्याकाळी भेटीची वेळ संपली, वॉर्ड शांत झाला की नातेवाइकाने आजाऱ्याच्या कानाशी एक विलापाचे स्तोत्र हळू वाचावे. तेरावे, बेचाळिसावे किंवा एकशे तिसावे, एका वेळी एकच. वाचून झाले की विचारावे, "तुम्हाला देवाला काय म्हणायचंय?" उत्तर आले नाही तरी चालेल. शिवी आली, "मला काही म्हणायचं नाही" असे आले, तरी ऐकून घ्यावे आणि दुरुस्त करायला जाऊ नये. ज्याला पोटातले दुःख देवापुढे ओतता आले, त्याच्या तोंडून पुढे आलेला उपकाराचा शब्द खरा असतो. नाहीतर भेटायला आलेल्यांना बरे वाटावे म्हणून तो "प्रभूची स्तुती असो" म्हणत राहतो आणि आतून एकटा पडतो.

याच दिवसांत एक प्रश्न हमखास येतो : "माझं काय चुकलं?" कधी तो आजारी माणूस विचारतो, कधी भाऊबंद नको त्या शब्दांत सुचवतात. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल अगदी हेच विचारले होते : पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही नाकारले. हा भाग आजाऱ्याला वाचून दाखवा, आणि गरज पडली तर भाऊबंदांनाही.

दुसरे पाऊल : औषध आणि प्रार्थना यांची भांडणे लावू नका

इथे मला जास्त बोलायचे आहे, कारण यातून जीव जातात. प्रार्थना सभेत कोणी तरी "तू बरा झालास, आता गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास" असे सांगतो आणि माणूस बीपीच्या, साखरेच्या, फिटच्या गोळ्या बंद करून घरी बसतो. पुन्हा आणला जातो तो अत्यवस्थ होऊन.

यशयाच्या अडतिसाव्या अध्यायात हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्याने भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली आणि देवाने त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवले. त्याच अध्यायात यशया सांगतो की अंजिरांचा लेप करून गळवावर बांधा. देवाचे वचन मिळाल्यावरही लेप लावायचाच होता. प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे असे कळवले, आणि त्रफिमाला आजारी अवस्थेतच मिलेताला सोडून पुढे जावे लागले. पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही गेला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढे उत्तर त्याला मिळाले. या सगळ्यांचा विश्वास कमी पडला असे म्हणायला कोणी धजावणार आहे का? मग आपल्या काकांना, आपल्या वहिनींना ते वाक्य कशासाठी ऐकवायचे?

आपल्या भागातल्या ख्रिस्ती घरांना हे नवे नाही. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय सुरू केले. विश्वासानेच उभ्या राहिलेल्या त्या इमारतीत शस्त्रक्रिया होत होत्या.

आता काही नेमक्या गोष्टी. उपास-प्रार्थना घरच्यांनी करावी, आजाऱ्याने नव्हे. इन्शुलिनवर असलेल्या, डायलिसिस चालू असलेल्या किंवा केमो घेत असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक जेवणही टाळू नये. केमोच्या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर आधी दवाखान्यात फोन आणि प्रार्थना रिक्षात बसून. सकाळपर्यंत वाट पाहू नका, कारण त्या वेळी पांढऱ्या पेशी कमी असतात आणि जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, येऊन तेल लावून प्रार्थना करावी असे वाटत असेल तर जरूर बोलवा. कॅथलिक घरांत फादरांना रुग्णाभ्यंगासाठी बोलावतात. पण सिस्टरला आधी विचारा. ऑक्सिजनचा मास्क किंवा नळी लावलेली असेल तर चेहऱ्याजवळ तेल नको आणि मेणबत्ती तर मुळीच नको, कारण ऑक्सिजनजवळ आग फार पटकन धरते. तेलाचे एक बोट हातावर लावले तरी पुरते. जखमेवर, टाक्यांवर काही लावू नका. प्रभुभोजनाचेही तसेच. ऑपरेशनआधी तोंडाने काही द्यायचे नसेल, किंवा पक्षाघातामुळे गिळता येत नसेल, तर भाकरीचा कण आणि द्राक्षरसाचा थेंबसुद्धा विचारल्याशिवाय देऊ नये. पाळकसाहेबांना हे आधी सांगून ठेवले की त्यांनाही अवघडल्यासारखे होत नाही. अशा वेळी नुसती प्रार्थना करून प्रभुभोजन दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

तिसरे पाऊल : सोबत काय न्यायचे

मोठ्या अक्षरांचे शुभवर्तमान किंवा स्तोत्रसंहितेची पातळ प्रत न्या, जाड बायबल आडव्या माणसाला धरवत नाही. चष्मा आणि कानाचे यंत्र लागतेच. गाणी ऐकायला इअरफोन घ्या. एक चाळीसपानी वही आणि दोऱ्याने बांधलेले पेन ठेवा, कारण पेन पहिल्याच दिवशी खाटेखाली जाते. रेशनकार्ड, आधार आणि जुने रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या.

चौथे पाऊल : रोजची वही

ही वही म्हणजे माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी गोष्ट. पान दोन भागांत करा. डावीकडे आजची तक्रार, उजवीकडे आजचा उपकार. दोन्ही देवापुढेच आहेत, म्हणून दोन्ही एकाच पानावर असू द्या.

उजवीकडे लिहिताना एक नियम पाळा : माणूस आणि कृती लिहा. "देवाने मला सांभाळले" हे खरे आहे, पण चौथ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा लिहिले जाते आणि हात आपोआप चालू लागतो. त्यापेक्षा असे लिहा :

पहाटे रक्त काढायला आलेल्या मुलीला शीर पहिल्याच वेळी सापडली.

शेजारच्या खाटेवरच्या अक्कांच्या मुलाने खालून गरम पाणी आणून दिले.

ताकात कुस्करलेली भाकरी दोन घास खाल्ली, उलटी झाली नाही.

मावशींनी चादर बदलताना पाय हळूच उचलला.

मग यातल्या एकाच ओळीची एका वाक्याची प्रार्थना करा. "प्रभो, त्या मुलीच्या हातांबद्दल तुझे उपकार." एवढीच. लांब प्रार्थनेत आजारी माणूस दमतो.

त्यानंतरची पायरी लोक हमखास विसरतात. ज्याचे नाव लिहिले त्याला ते सांगा. "सिस्टर, काल रात्री तुम्ही दोनदा येऊन बघून गेलात. मला कळलं होतं." रात्रपाळीत तीस-चाळीस माणसांच्या वेदना सांभाळणाऱ्या मुलीला असे वाक्य क्वचित ऐकायला मिळते. लूकाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले, त्यातला एकच, शोमरोनी, आभार मानायला परत आला. बाकीच्या नऊ जणांचे बरे होणे येशूने काढून घेतले नाही. म्हणजे आभार ही बरे होण्याची किंमत नव्हती. पण जो परत आला त्याला येशूशी समोरासमोर दोन शब्द बोलायला मिळाले. वॉर्डातही आभार मानले की असेच होते. खाट क्रमांक अकरा असलेला माणूस सिस्टरच्या दृष्टीने नावाचा माणूस होतो.

या वहीत काय लिहू नये हेही सांगते. गाठीबद्दल, दुखण्याबद्दल आभार लिहायची सक्ती करू नका. आजार ही देवाने दिलेली भेट आहे असे आजाऱ्याला वाटत नसेल तर ते त्याच्या तोंडी घालू नका. आणि "दुसऱ्यांपेक्षा आपलं बरं" या आधारावर उपकार मानू नका. शेजारच्या खाटेवर किडनी गेलेला माणूस आहे म्हणून आपल्या पित्ताशयाबद्दल धन्यवाद द्यायचे हे मला पटत नाही. लूकाच्या अठराव्या अध्यायातल्या परूश्याची, म्हणजे कर्मठ यहूदी माणसाची, प्रार्थनाही आभारानेच सुरू होते : मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार. ती प्रार्थना येशूने नावाजली नाही.

काही दिवस असे येतील की उजवी बाजू कोरी राहील. तेव्हा तारीख घाला आणि सोडून द्या. किंवा वही नातेवाइकाने हाती घ्यावी आणि आजाऱ्याच्या वतीने एक ओळ लिहून त्याला वाचून दाखवावी. ज्याला बोलता येत नाही तो बोट दाबून 'हो' म्हणतो. छप्पर उसकटणाऱ्या चौघांचे काम हेच होते.

मानसशास्त्रातही याचा अभ्यास झाला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मज्जातंतू-स्नायूंचे आजार असलेल्या काही लोकांना रोज उपकाराच्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. त्यांचे मन जास्त प्रसन्न राहिले, झोपही सुधारली असे त्यांनी सांगितले. याने गाठ विरघळत नाही, आणि आपण त्यासाठी लिहीतही नाही. पण झोप लागणे ही दवाखान्यात लहान गोष्ट नाही.

पाचवे पाऊल : आयसीयूतली दहा मिनिटे

आयसीयूत दिवसातून एकदा किंवा दोनदा, तेही थोडाच वेळ आत सोडतात. हा वेळ गोंधळात आणि रडण्यात जाऊ नये म्हणून बाहेरच ठरवून जा.

हात धुवून आत गेल्यावर आधी आपले नाव सांगा, मग वार आणि वेळ. "आण्णा, मी सुनीता. आज गुरुवार, संध्याकाळचे पाच वाजलेत. तुम्ही सोलापुरातच आहात, दवाखान्यात." हे खुळेपणाचे वाटेल, पण आयसीयूत दिवे सतत चालू असतात, दिवस-रात्र कळत नाही आणि वयस्क माणसे भ्रमात जातात. वेळेची, जागेची आठवण करून दिल्याने, चष्मा आणि कानाचे यंत्र लावल्याने मदत होते. व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाला ऐकू येत असू शकते, तेव्हा त्याच्या खाटेपाशी "आता काही आशा नाही" असली चर्चा कधीच करू नका. तोंडात नळी असेल तर हो-नाहीचेच प्रश्न विचारा आणि पापणीने किंवा बोटाने उत्तर द्यायला सांगा.

मग हात हातात घेऊन तेविसावे स्तोत्र म्हणा. ते पाठ असलेले बरे, म्हणजे पुस्तक धरायला हात अडकत नाही. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे शब्द आपल्या कितीतरी माणसांनी संडे स्कूलमध्ये पाठ केलेले असतात आणि शुद्ध अर्धवट असली तरी ओठ हलतात. नंतर तीन वाक्यांची प्रार्थना. त्यातले एक वाक्य तिथे काम करणाऱ्या डॉक्टर-सिस्टरसाठी असावे. बस, बाहेर या.

बाहेर व्हरांड्यात चादर टाकून रात्र काढणाऱ्यांनी पाळ्या लावाव्यात. दोन रात्री सलग एकच माणूस जागला तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काय सांगितले हे त्याला नीट आठवत नाही. ते वहीत लिहून ठेवा, तारीख-वेळेसह. घरी आणि दवाखान्यात एकच वेळ ठरवून, समजा रात्री नऊला, सगळ्यांनी जिथे असाल तिथे एक मिनिट प्रार्थना करा. वेगळे पडलेले कुटुंब तेवढ्यापुरते तरी एकत्र येते.

सहावे पाऊल : शेजारच्या खाटा

सोलापूरच्या एका वॉर्डात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच रात्री कानावर पडतात. तिथे मोठ्याने गाणी, टाळ्या आणि दहा-पंधरा जणांची प्रार्थना नको. इअरफोन वापरा, आवाज खाटेपुरता ठेवा. दुसऱ्या खाटेवरच्या माणसाला पत्रके वाटू नका. जो उठून जाऊ शकत नाही त्याच्यावर आपला विश्वास लादणे अन्यायाचे आहे. कोणी आपणहून "आमच्यासाठीही प्रार्थना करा" म्हटले तर त्याचे नाव विचारून, त्याच्या शेजारी बसून करा.

पलीकडच्या आजींनी आपल्या देवाचा अंगारा आणून दिला, किंवा समोरच्या चाचांनी दुआ केली, तर तोंड फिरवू नका. "तुमची माया पोचली" एवढे म्हणता येते आणि ते खरे असते. वहीत त्यांचे नाव लिहा.

सातवे पाऊल : मंडळीचे काम

भेटीला दोघांनी जावे, दहा मिनिटांत निघावे. सर्दी-खोकला असलेल्यांनी घरूनच प्रार्थना करावी. खाटेवर बसू नये. प्रार्थनेआधी विचारावे आणि आजारी "आज नको" म्हणाला तर रागावू नये. प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नये. सगळे गमावून आजारी पडलेल्या इयोबाचे तीन मित्र पहिले सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढा काळ त्यांनी चांगले केले. बोलायला लागल्यावर सगळे बिघडले.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपबद्दल फार सांभाळून राहा. प्रार्थनेची विनंती म्हणून आजाराचे नाव, रिपोर्टचा फोटो, सलाईन लावलेल्या माणसाचा फोटो टाकायचा नाही. आजाऱ्याला विचारा, काय सांगितलेले चालेल? "आमच्या एका बहिणीसाठी प्रार्थना करा" हेही देवाला समजते. एका तरुण बाईच्या गर्भाशयाच्या आजाराची बातमी तिच्या सासरच्या गावी तिच्याआधी पोचलेली मी पाहिली आहे. त्यानंतर तिने मंडळीत यायचेच सोडले.

"काही लागलं तर सांगा" असे म्हणू नका, कारण कोणी सांगत नाही. वाटून घ्या : सोमवारचा डबा कोणाचा, मंगळवारी रात्री कोण बसणार, शाळेतून मुलांना कोण आणणार. डब्यात काय चालते ते विचारूनच पाठवा. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी नातेवाइकाला चालेल, मीठ कमी करायला सांगितलेल्या किंवा किडनीच्या रुग्णाला नाही. रक्त लागणार असेल तर मंडळीतल्या तरुणांची यादी तयार ठेवा : वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, पुरुषांनी मागच्या रक्तदानाला तीन महिने आणि स्त्रियांनी चार महिने झालेले असावेत. आपल्यासाठी ज्याने रक्त सांडले त्याचे नाव घेणाऱ्यांनी एक पिशवी रक्त द्यायला मागे हटू नये, असे मी आमच्या तरुण संघाला उघडपणे सांगते.

पैशाचे बोलणे लाजेने मागे पडते आणि मग कर्ज होते. मंडळीतल्या एका जाणत्या माणसाने पहिल्याच दिवशी नातेवाइकांसोबत जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचे टेबल असते, तिथे रेशनकार्ड आणि आधार दाखवून चौकशी करा. मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते, म्हणून बिल हातात येईपर्यंत थांबू नका. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवाव्या लागतात, त्याबद्दल तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. हक्काचे मागणे हा विश्वासाचा अभाव नव्हे.

कॅन्सरसाठी बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात किंवा सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला टाटात जाणाऱ्यांना एकाकीपण जास्त छळते. जाण्याआधी पाळकसाहेबांकडून तिथल्या एखाद्या मराठी मंडळीशी बोलणे करून घ्या. ओळखीचा एक माणूस स्टेशनवर आला तर परकी जागा थोडी आपली वाटते.

मन फारच खचले, झोप उडाली, जगणे नको असे शब्द आले, तर ते पाप म्हणून दडपू नका. डॉक्टरांना सांगा. १४४१६ या टेली-मानस (मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदत) क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आठवे पाऊल : आजार बरा होणार नाही असे कळल्यावर

आपल्याकडे घरचे लोक आजाऱ्यापासून आजाराचे नाव लपवतात. मायेपोटी लपवतात, पण मग तो माणूस शेवटच्या महिन्यांत सगळ्यांमध्ये असून एकटा असतो. त्याला थेट सांगू नका, आधी विचारा : "डॉक्टर काय म्हणाले असं तुम्हाला वाटतं?" बहुतेकांना ठाऊक असते. किती ऐकायचे ते त्याला ठरवू द्या.

दुखणे सहन करणे ही विश्वासाची परीक्षा मानून मॉर्फिन नाकारू नका. वेदना कमी झाली तर माणूस प्रार्थना करू शकतो, नातवाशी बोलू शकतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवर गोळी द्या, दुखायला लागेपर्यंत वाट बघू नका.

बरे होण्यासाठी प्रार्थना चालू ठेवायची का? हो, चालू ठेवायची, आणि तयारीही करायची. हिज्कीयाला पंधरा वर्षे मिळाली, त्यानंतर तोही गेलाच. दोन्ही प्रार्थना एकाच दिवशी करता येतात. तयारी म्हणजे : कोणाशी अबोला असेल तर त्याला बोलावणे. बँकेतले नामनिर्देशन आणि मृत्युपत्र शुद्ध असतानाच पुरे करणे. अंत्यविधीला 'उपासना संगीता'तले कोणते गीत हवे ते विचारून लिहून ठेवणे. प्रभुभोजन घरी किंवा खाटेपाशी मागणे. आणि एकेकाला जवळ बोलावून त्याचे उपकार सांगणे, नावाने, कृतीसह, वहीत लिहीत होतो तसेच. माझ्या आईने शेवटच्या आठवड्यात माझ्या वहिनीला जवळ घेऊन सांगितले, "तू माझी वेणी कधी ओढून घातली नाहीस." वहिनी अजून ते वाक्य सांगते.

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभे केले. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या काळात रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरात गढलेल्या होत्या, आणि तब्येत ढासळत असतानाही त्या ते काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांनी मुलीचे मरण पाहिले आणि तरी देवाचे शब्द सोडले नाहीत, अशी माणसे आपल्याच रेल्वेमार्गावर होऊन गेली. निराश दिवसांत मी त्यांची आठवण काढते.

नववे पाऊल : डिस्चार्ज आणि त्यानंतर

डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख, बंद झालेल्या आणि चालू ठेवायच्या गोळ्या, आणि कोणते लक्षण दिसले तर ताबडतोब यायचे हे सगळे सिस्टरकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. पेढे वाटायचे असतील तर स्टाफरूममध्ये द्या, वॉर्डात खाटेखाटेने वाटू नका. शेजारी कोणी अत्यवस्थ असेल. त्याच्यासाठी पाठ फिरवण्याआधी मनात एक वाक्य बोला आणि त्याच्या नातेवाइकाच्या खांद्यावर हात ठेवून निघा. आठ-पंधरा दिवसांनी वहीतली नावे काढून वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरच्या नावे एक पत्र लिहा. त्यात मावशी, मामा, लिफ्टवाला, सगळ्यांची नावे आणि प्रत्येकाने काय केले ते असू द्या.

घरी आल्यावर पहिला आठवडा सगळे येतात, तिसऱ्या आठवड्यात कोणी येत नाही. मंडळीने डब्याची पाळी तेव्हा लावावी. ज्याने महिनाभर सेवा केली त्याचे बीपी आणि साखर याच काळात तपासून घ्या. स्वतःचे औषध चुकवून आजाऱ्याला औषध देणारी बायकामाणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

राहिली साक्ष. रविवारी उपासनेत उभे राहून उपकार सांगायची इच्छा असेल तर सांगा, पण आजाऱ्यावर जबरदस्ती नको, आणि त्याला अजून भीती वाटत असेल तर तेही साक्षीत म्हणू द्या. "माझा विश्वास मोठा म्हणून मी वाचलो" हे वाक्य मात्र कोणी म्हणू नये. त्याच उपासनेत, त्याच बाकांवर, ज्यांनी तेवढीच प्रार्थना केली आणि ज्यांचे माणूस परत आले नाही असे घर बसलेले असते. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जा, चहा घ्या, आणि उद्या तुम्ही साक्ष देणार आहात हे त्यांना आधी सांगून या.